अर्ज मुलींनीच लिहावा, असे म्हणणाऱ्या बेनना

आदरणीय बेन,

सविनय नमस्कार.

हे पत्र मी मराठीत लिहिते आहे याचे तुम्हाला नवल वाटेल. तुमची राठवी, म्हणजे राठवा आदिवासींची भाषा, मला येत नाही, माझी मराठी तुम्हाला येत नाही, आणि वर्षभर आपले सगळे बोलणे गुजरातीत झाले, जी आपल्या दोघींच्याही घरची भाषा नव्हे. तरीही मराठीत लिहिते, कारण हे आभार खासगीत मानून भागण्यासारखे नाहीत. बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या माझ्या मराठी माणसांनी, आणि विशेषतः माझ्यासारखे समुपदेशनाचे काम करणाऱ्यांनी, ते वाचावेत अशी इच्छा आहे. तुम्ही पुढच्या खेपेला आलात की वाचून दाखवीन. नाव लिहायचे नाही असे तुम्ही बजावले आहे; ते पाळते.

ज्या वसतिगृहात मी दर शनिवारी जात असे, तिथल्या मुली छोटाउदेपूर, कवांट, नसवाडी या भागांतल्या होत्या. काही डभोई आणि संखेडा तालुक्यांतल्या वसाहतींतून, म्हणजे नर्मदेच्या धरणात गाव गेलेल्यांच्या वस्त्यांतून, आलेल्या होत्या. खोलीतसुद्धा ‘शुद्ध’ गुजरातीच बोलायची असा तिथला नियम होता, आणि खरे सांगायचे तर तेव्हा तो मला फारसा खटकलाही नव्हता. मुली गप्प असतात, जेवत नाहीत, रात्री दचकून उठतात, म्हणून मला बोलावण्यात आले. मी इंग्रजीवरून गुजरातीत उतरवलेली प्रश्नावली घेऊन गेले. ‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला उदास वाटले का?’ या प्रश्नापुढे सगळ्या मुलींनी ‘ना’वर खूण केली. एकीचाही अपवाद नाही. मी टिपणात ‘प्रतिसाद देण्यास अनुत्सुक’ असे लिहिले.

त्याच शनिवारी तुम्ही भाचीला भेटायला आला होता आणि दारात उभ्या राहून हा प्रकार पाहत होता. निवृत्त शिक्षिका म्हणून तुमची ओळख करून देण्यात आली. तुम्ही प्रश्नावलीचा कागद हातात घेतलात, घडी करून मला परत दिलात आणि मुलींना राठवीत एक वाक्य विचारलेत. त्यानंतर दीड तास खोलीत कोणी बोलायचे थांबायला तयार नव्हते. ते वाक्य मी नंतर तुमच्याकडून समजून घेतले: ‘घरात कोणी आजारी पडले तर तुमच्या गावात आधी कोण काय करते?’

त्या दीड तासात एका मुलीने आपल्या आजीची गोष्ट सांगितली. आजीचे गाव नदीकाठी होते. सरदार सरोवराच्या पाण्यात गुजरातमधली १९ आणि आपल्या महाराष्ट्रातली ३३ गावे आली. त्यांत ते एक. गावातली घरे वेगवेगळ्या वसाहतींत विखुरली; दीर एका तालुक्यात, बहीण दुसऱ्या. शिधापत्रिकेवर वसाहतीचे नाव आहे, पण नातीच्या लग्नपत्रिकेवर आजीने हट्टाने बुडालेल्या गावाचेच नाव छापायला लावले, आणि पत्रिका वाटणाऱ्या मुलाला शेजारच्या गुजराती शेतकऱ्यांनी ‘हे गाव आहे कुठे?’ असे विचारून हैराण केले. मुलगी हे सांगताना हसत होती. मग हसता हसता थांबली. धरणाचा मुख्य कालवा बडोद्याजवळून जातो. संध्याकाळी त्याच्या काठाने गाडी थांबवून आम्ही किती वेळा गप्पा मारल्या असतील, त्याचा हिशेब मी त्या रात्री घरी जाऊन मांडत बसले.

तुम्ही मात्र मला नुसते हळहळू दिले नाहीत. दुसऱ्या एका मुलीबद्दल मी ‘आघातोत्तर औदासीन्य’ असे मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते. थकवा, अभ्यासात लक्ष नाही, सतत अंथरुणात. तुम्ही तिला एवढेच विचारलेत की सांधे दुखतात का, आणि मला म्हणालात, ‘बेन, हिचे रक्त तपासा, मग दुःखाकडे वळा.’ सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, निघाला. आपल्या पूर्व पट्ट्यातल्या आदिवासी घरांत हा आजार किती आहे हे मला पाठ होते. परीक्षेत विचारले असते तर उत्तर दिले असते. समोर बसलेल्या मुलीत मात्र मला तो दिसला नाही, कारण मी तिथे जखम शोधायला गेले होते आणि जिथे पाहावे तिथे मला जखमच दिसत होती. त्या मुलीच्या वतीने तुमचे वेगळे आभार मानते.

नंतर तुम्ही मला तेजगढच्या पलीकडे, तुमच्या भावाच्या घरी पिठोरोला, म्हणजे नवस फेडण्यासाठी घराच्या भिंतीवर देवाचे घोडे रेखाटण्याच्या विधीला, नेलेत. पुतण्याच्या दुखण्यात बाधा, म्हणजे नवस, घेतली होती आणि ती फेडायला त्या घराला काही वर्षे लागली होती. ओसरीची भिंत कुमारिकांनी शेणाने आणि पांढऱ्या मातीने सारवलेली होती. लखारे, म्हणजे ही भिंत रंगवणारे, दुधात आणि मोहाच्या दारूत रंग कालवून घोडे काढत होते. मी भारावून तुमच्या कानाशी ‘ही तर आर्ट थेरपी’ असे म्हणाले, आणि तुम्ही ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलेत ती मी विसरणार नाही. ‘हे काढत नाहीत, लिहितात,’ तुम्ही म्हणालात. ‘म्हणून तर तो लखारो. आणि लिहिलेले बडवो वाचतो.’ उत्तररात्री बडवो, म्हणजे त्यांचा पुजारी, खरोखरच भिंतीपुढे उभा राहून एकेक आकृती वाचत गेला. एका ठिकाणी थांबला, काहीतरी राहिले आहे असे त्याने दाखवले, आणि लखाऱ्याने मुकाट्याने पुन्हा कुंचला घेतला. पिठोरोचे चित्रकार परेश राठवा यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून आमच्याकडे पिठोरोच्या चित्रांचे कौतुक वाढले आहे, दिवाणखान्यांत ती चौकटीत लागतातही. पण पिठोरो कोणाच्या भिंतीवर, कोणाच्या नवसाने आणि कोणी वाचून पुरा ठरवल्यावर पुरा होतो, हे त्या चौकटीत येत नाही. लखारे परंपरेने पुरुषच असतात, हेही तुम्ही त्याच रात्री, मी न विचारता, जरा कडू तोंडाने सांगितलेत. आपल्या लोकांबद्दल भाबडे बोलणे तुम्हाला जमत नाही, आणि मला त्याचा फार उपयोग झाला.

परतीच्या बसमध्ये मी तुम्हाला कॅनडाची हकिकत सांगितली. तिथल्या मूळनिवासी समाजांची सुमारे दीड लाख मुले निवासी शाळांत नेली गेली, तिथे त्यांची भाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा झाल्या, आणि तो आघात पुढच्या पिढ्यांत उतरला. २००८ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, आणि सत्यशोधन व समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. तुम्ही सारे शांतपणे ऐकलेत आणि म्हणालात, ‘माफी मागितली ते ठीक झाले. शाळा कोणाच्या हातात दिली?’

माझ्याजवळ उत्तर होते, पण ते उत्तर आहे हे मला ठाऊक नव्हते. १९९८ मध्ये चँडलर आणि लालोंद या दोन संशोधकांचा कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या मूळनिवासी वस्त्यांबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तरुणांच्या आत्महत्यांचे प्रमाण काही वस्त्यांत भयंकर होते, तर निम्म्याहून अधिक वस्त्यांत ती पाच वर्षे एकही आत्महत्या नव्हती. जमिनीच्या हक्कासाठी लढा, स्वशासन, शाळा, आरोग्यसेवा, पोलीस व अग्निशमन, आणि सांस्कृतिक कामासाठी स्वतःची जागा, या सहा गोष्टी जितक्या प्रमाणात वस्तीच्या हाती, तितके मृत्यू कमी. सहाही असलेल्या वस्त्यांत शून्य. हा तक्ता मी कितीतरी वर्षे फळ्यावर लिहिला आहे. तो ‘संस्कृती जपण्याचे फायदे’ या मथळ्याखाली मी शिकवत असे. तुमच्या प्रश्नानंतर मला दिसले की त्यातल्या सहापैकी पाच गोष्टी जपणुकीच्या नसून ताब्याच्या आहेत.

आम्हा बडोदेकरांना सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचे शिक्षण केल्याचा अभिमान आहे, तो योग्यही आहे. मी तुमच्यापुढे तो मिरवला तेव्हा तुम्ही नम्रपणे आठवण करून दिलीत की छोटाउदेपूर हे वेगळे संस्थान होते, गायकवाडी नव्हे. आणि मग, ‘सक्तीची होती, पण कोणत्या भाषेत?’ मी विषय बदलला होता. आज कबूल करते.

आता मुख्य गोष्ट. होळीआधी मुलींनी ठरवले की वसतिगृहाच्या व्यवस्थापनाकडे तीन गोष्टी मागायच्या: खोलीत आपली भाषा बोलण्याची मोकळीक, होळीला आठवडाभर रजा, आणि आठवड्यातून दोनदा मक्याचा रोटला. व्यवस्थापनातले एक सद्गृहस्थ माझ्या परिचयाचे होते. मी म्हणाले, अर्ज मी नीट लिहून देते, एक फोनही करते, दोन दिवसांत काम होईल. तुम्ही माझ्या हातातला कागद काढून घेतलात. ‘लखवा दो एमने,’ एवढेच. त्यांनाच लिहू द्या.

त्या क्षणी मला तुमचा रागच आला होता. पुढे तुम्ही सांगितलेत की २००६ च्या वनहक्क कायद्याखाली तुमच्या गावात दावे भरले तेव्हा पहिल्या फेरीत शहरातून आलेल्या भल्या माणसांनी सगळे फॉर्म सुंदर अक्षरात भरून दिले; चौकशीला साहेब आले तेव्हा कागदावर काय लिहिले आहे हे कोणालाच सांगता येईना. पुढच्या फेरीत लोकांनी आपापल्या शेताचे नकाशे स्वतः काढले, वेडेवाकडे, आणि प्रत्येक बांधाबद्दल साहेबांशी भांडले. संविधान सभेत डिसेंबर १९४६ मध्ये आदिवासी नेते जयपाल सिंह मुंडा यांनी सांगितले होते की आदिवासींना लोकशाही शिकवता येणार नाही, ती त्यांच्याकडूनच शिकावी लागेल. तुम्हाला हे वचन माहीत नव्हते. मी सांगितल्यावर ‘बरोबर बोलला’ असे म्हणून तुम्ही शेंगा सोलत राहिलात.

मुलींचा पहिला अर्ज परत आला. शुद्धलेखन तपासा, असा शेरा होता. दुसरा हरवला असे सांगण्यात आले. तिसऱ्यावर सगळ्यांनी सह्या केल्या, पोच घेतली आणि पाच जणी स्वतः बोलायला गेल्या. मी बाहेर बाकावर बसले होते. फोन पर्समध्ये होता आणि हात शिवशिवत होते. भाषेची मोकळीक मिळाली. रजा आठवड्याऐवजी चार दिवसांची मिळाली. रोटल्याला नकार आला, त्यावर चौथा अर्ज चालू आहे. जिच्या आजीने पत्रिकेवर बुडालेले गाव छापले होते, ती मुलगी त्या रात्री जेवली आणि सलग झोपली, हे मला तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने न विचारता सांगितले. माझ्या आठ महिन्यांच्या शनिवारांत हे एकदाही घडले नव्हते.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १३ सप्टेंबर २००७ रोजी मूळनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. १४४ देश बाजूने होते, त्यांत भारतही होता. त्याच्या तिसऱ्या कलमात स्वयंनिर्णयाचा हक्क आहे. मी हा शब्द आता वर्गात शिकवते तेव्हा आधी त्या तिसऱ्या अर्जाची छायाप्रत दाखवते, मुलींची परवानगी घेऊन. त्यातले ऱ्हस्व-दीर्घ मी दुरुस्त केलेले नाहीत.

प्रश्नावली मी अजून वापरते, पण ती आता शेवटी काढते, आणि मुलींनी तिच्यातले सात प्रश्न खोडून स्वतःचे चार घातले आहेत. एक प्रश्न मला कळलेला नाही. तो राठवीत आहे आणि त्याचा अर्थ ‘फोईलाच (आत्यालाच, म्हणजे तुम्हालाच) विचारा’ असे सांगून त्या हसतात. होळीला येईन तेव्हा तो बरोबर आणते.

आपली कृतज्ञ,
दांडिया बाजारातली मराठी बेन
बडोदे