डिजिटल व्यापाराचं प्रकरण आणि सहा नंबरचा जोड

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

देशादेशांतल्या व्यापार करारांत ई-कॉमर्सची, म्हणजे ऑनलाइन व्यापाराचे नियम सांगणारी, जी प्रकरणं असतात त्यांवरचा आपल्या अर्थपानावरचा लेख वाचला. धोरण आखताना सरकारने खासगी क्षेत्राला सोबत घ्यावं, असा त्याचा सूर होता. सूर मान्य. ज्यांनी आयुष्यात एक पार्सल बांधलेलं नाही त्यांनीच पार्सलचे नियम करू नयेत, हे मीही म्हणतो. माझा प्रश्न एवढाच की खासगी क्षेत्र म्हणजे कोण? कोल्हापुरात चप्पल लाईनमध्ये आमचं दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. काही वर्षांपासून ऑनलाइनचं काम मुलगी बघते, त्यामुळे दुबईला, सिंगापूरला, क्वचित ऑस्ट्रेलियाला माल जातो. म्हणजे आम्हीही खासगी क्षेत्रच झालो. आम्हाला अजून कुणी काही विचारलेलं नाही.

गेल्या दिवाळीतली गोष्ट सांगतो. सिंगापूरच्या एका बाईंनी कापशी, म्हणजे कोल्हापुरीचाच एक प्रकार, मागवली, सहा नंबर. कोल्हापुरी पहिल्यांदा आवळतेच. चार-आठ दिवस घातली की चामडं पायाचा आकार घेतं. इथल्या गिऱ्हाइकाला हे सांगावं लागत नाही. त्या बाईंना मात्र अंगठ्याला लागली आणि त्यांनी रिटर्नचं बटण दाबलं. आता गंमत बघा. देशाबाहेर गेलेला जोड परत येतो तेव्हा कस्टमच्या लेखी ती आयात. गेला तोच माल परत आला हे दाखवलं तर शुल्क माफ होतं, तशी सोय नियमात आहे. पण त्यासाठी मूळ निर्यातीचा कागद हवा, पार्सलची पोच हवी, वस्तू तीच असल्याचा पुरावा हवा आणि हे सगळं पुढं सरकवायला एजंट हवा. कुरिअरवाल्याने सगळा मिळून जो आकडा सांगितला तो चपलेच्या किमतीहून जास्त होता. शेवटी मुलीने त्यांना लिहिलं, ‘ताई, ठेवा तुमच्याकडेच, कुणाला बसली तर द्या.’ आणि सात नंबरचा दुसरा जोड पाठवला. एका विक्रीत दोन जोड गेले.

बँकेचं निराळंच. निर्यातीच्या कागदावर किंमत लिहिलेली असते पूर्ण, आणि खात्यात जमा होते वेबसाइटचं कमिशन कापून. मधली तफावत कुठे गेली, हे बँक प्रत्येक बिलामागे विचारायची. पाच-सहाशे रुपयांच्या फरकासाठी पत्रं लिहिण्यात मुलीचे दिवस जायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने १० लाखांपर्यंतच्या बिलांसाठी निर्यातदाराचं स्वतःचं निवेदन पुरेसं धरायला बँकांना सांगितलं. एक परिपत्रक, पण आमच्यासारख्याच्या उपयोगाचं.

आता वरच्या मजल्यावर काय चालतं ते पाहू. एप्रिल २०१८ मध्ये राष्ट्रीय ई-कॉमर्स धोरणासाठी दिल्लीत एक अभ्यासगट बसला. अध्यक्ष होते तेव्हाचे वाणिज्यमंत्री सुरेश प्रभू, म्हणजे आपल्या कोकणातले. सरकारी खाती, उद्योगसंघटना, ई-कॉमर्स, दूरसंचार आणि आयटी कंपन्यांची माणसं बैठकीला होती. पहिली बैठक होऊन जेमतेम दोन आठवडे झाले आणि ९ मे रोजी वॉलमार्टने फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं. देशी कंपनी म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवायचं, त्यांचा मालकच परदेशी झाला. धोरण करणाऱ्यांची काय त्रेधा उडाली असेल! पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘भारताचा डेटा भारताच्या विकासासाठी’ अशा मथळ्याचा मसुदा आला. हरकतींसाठी आधी दोनच आठवडे होते, मग मुदत मार्चअखेरपर्यंत वाढली. मराठीत तो मसुदा नव्हताच. ज्यांच्याकडे वकील होते त्यांनी हरकती दिल्या. त्या मसुद्याचं धोरण काही झालं नाही.

त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला बँकॉकमध्ये आपण आरसेप या आशिया-पॅसिफिकमधल्या देशांच्या मोठ्या व्यापार करारातून बाहेर पडलो. त्यावर इथे दूध आणि चिनी माल यांचीच चर्चा झाली, आणि ती रास्तच होती. पण त्या करारात ई-कॉमर्सचं अख्खं बारावं प्रकरण आहे. उरलेल्या पंधरा देशांनी १५ नोव्हेंबर २०२० रोजी सह्या केल्या. डेटा देशाबाहेर जाऊ द्यायचा की नाही, सर्व्हर कुठे ठेवायचा, कागदाविना व्यवहार, ई-सही हे सगळं त्यात आहे. शिवाय या प्रकरणावरून भांडण झालं तर करारातली तंटा मिटवण्याची यंत्रणा त्याला लागू नाही, अशी पळवाटही आहे. २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या आपल्या करारात डिजिटल व्यापाराचं नववं प्रकरण आलं. दुबई हे आमचं मोठं गिऱ्हाईक, म्हणून मुलीने ते डोळ्यात तेल घालून वाचलं. वाचायला मिळालं तेही सह्या झाल्यावर. डेटा भेटला, ई-सही भेटली. परत येणारा जोड कुठे भेटला नाही.

यात दुष्टावा आहे असं मी म्हणत नाही. ज्याचा धंदा डेटावर चालतो तो डेटाविषयीच बोलणार. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. गोम अशी की टेबलाशी फक्त तोच बसला तर प्रकरण त्याच्या चपलेच्या मापाचं होतं.

पूर्वेकडे हे घडून गेलं आहे, आणि या पत्राचं खरं कारण तेच आहे. २०१६ मध्ये अलिबाबा या चिनी ऑनलाइन बाजार कंपनीच्या जॅक मा यांनी छोट्या विक्रेत्यांसाठी जागतिक ई-व्यापार मंचाची कल्पना मांडली. छोट्यांना सीमा ओलांडणं सोपं व्हावं, कस्टमची कटकट कमी व्हावी, ऐकायला फार गोड. चीनमधल्या हांगझौच्या जी-२० परिषदेच्या जाहीरनाम्यात तिची दखल घेतली गेली. त्याच साली मलेशियाने त्यांना डिजिटल अर्थव्यवस्थेचे सल्लागार नेमलं आणि मार्च २०१७ मध्ये क्वालालंपूरला डिजिटल मुक्त व्यापार क्षेत्राचं उद्घाटन झालं, अलिबाबाच्याच भागीदारीत. एका कंपनीचा प्रमुख, त्याची योजना आणि सरकारचं धोरण, तिन्ही एका गाडीत. रस्ता झाला रुंद, पण त्यावरून कुणाचा माल कुठल्या दिशेने जास्त धावणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. १ जानेवारी २०२४ पासून त्याच मलेशियाला बाहेरून ऑनलाइन येणाऱ्या ५०० रिंगिटपर्यंतच्या स्वस्त मालावर १० टक्के विक्रीकर लावावा लागला.

इंडोनेशियाचं उदाहरण तर आमच्या काळजाजवळचं. तिथे ७५ डॉलरपर्यंतच्या ऑनलाइन पार्सलला आयात शुल्क माफ होतं. बांडुंग शहरात चिबादुयुत नावाचा भाग आहे, तिथे घरोघर जोडे शिवले जातात. त्यांची चप्पल लाईनच म्हणा. बाहेरच्या स्वस्त पार्सलांपुढे तिथल्या आणि बोगोर शहरातल्या ताजूर भागात पिशव्या करणाऱ्या कारागिरांचा धंदा बसला. जानेवारी २०२० अखेरीस सरकारने ती मर्यादा ७५ वरून थेट ३ डॉलरवर आणली. जोडे, पिशव्या आणि कापड यांना तर वेगळं काढून त्यांच्यावर नेहमीचं पूर्ण शुल्क लावलं. म्हणजे आधी दार सताड उघडं, मग कडी. चिबादुयुतच्या कारागिराला दार उघडण्याआधी कुणी विचारलं असतं तर कदाचित दार अर्धंच उघडलं असतं. आणि आता त्या कडीमुळे आमचा कोल्हापुरी जोडही जकार्त्याला महाग पडतो. त्या कारागिराचा मला राग येत नाही. त्याच्या जागी मीही सरकारकडे हेच मागितलं असतं.

म्हणून मागणं मोठं नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. मानांकन आपल्या चर्मोद्योग महामंडळाकडे आणि कर्नाटकच्या महामंडळाकडे मिळून आहे. म्हणजे आमच्या वतीने बोलायला एक दार तयार आहे, नवी समिती नको. पुढच्या करारात डिजिटलचं प्रकरण घालण्याआधी वाणिज्य खात्याच्या अधिकाऱ्यांनी या दोन महामंडळांमार्फत आठ जिल्ह्यांत एकेक बैठक घ्यावी, मराठीत आणि कन्नडमध्ये. चपलेची झाली की सोलापूरच्या चादरीची आणि भिवंडीच्या कापडाचीही घ्यावी. कुणाकुणाशी बोललो याची यादी खात्याने जाहीर करावी. अमेरिकेत व्यापार खात्याला डिजिटल विषयावर सल्ला देणाऱ्या उद्योगसमितीच्या सदस्यांची नावं सगळ्यांना वाचायला मिळतात. आपल्याकडे काय अडचण आहे?

आम्ही मांडणार तरी काय? ठराविक किमतीपर्यंतचा परत आलेला माल मूळ पार्सलच्या नंबरावर विनाशुल्क सुटावा, दोन्ही देशांत. रिटर्न नाकारण्याचा किंवा त्याचा खर्च वाटून घेण्याचा हक्क विक्रेत्याला असावा, सगळं वेबसाइटच्या मर्जीवर नको. आमच्या सौभाग्यवतीचं आणखी एक म्हणणं आहे की करारात कोल्हापुरीच्या मापाचा तक्ताच घालावा. त्यातली थट्टा सोडली तर मुद्दा खरा आहे. परतीच्या निम्म्या भानगडी मापाच्या असतात.

डाकघर निर्यात केंद्रांबद्दल चांगलंही सांगितलं पाहिजे. २०२२ अखेरपासून पोस्टाने ही सोय सुरू केली आहे. कागद ऑनलाइन भरता येतात, कस्टमच्या दारात उभं राहावं लागत नाही. आमचा बराचसा माल आता पोस्टानेच जातो. जाताना काही अडत नाही. येतानाच अडतं.

आपला,
एक चप्पल विक्रेता, कोल्हापूर

ता. क. : सिंगापूरच्या बाईंचा परवा मेसेज आला. सहा नंबरचाच जोड आता सैल होऊन छान बसतोय म्हणतात. सात नंबरचा पडून आहे. परत पाठवू का, विचारत होत्या. मुलीने हात जोडले.