इंदूरात गळ कुठं टाकायचा, हे तलावाकाठी लिहून ठेवा

संपादक साहेब, नमस्कार.

इंदूरलगतच्या पीथमपूरच्या कारखान्यांत महाराष्ट्रातून बदली होऊन बरीच पोरं येतात, आणि त्यातल्या ज्यांना मासे पकडायचा नाद आहे ती इथं आल्या आल्या एकच विचारतात, की इथं बास मासा कुठं मिळेल. युट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून रॉड, रील, माशाला फसवायचा रबरी बेडूक सगळं ऑनलाइन मागवून ठेवलेलं असतं, फक्त पाणी कुठलं ते माहीत नसतं. मी मूळचा पेणकडचा, खाडीकाठी वाढलेला, नोकरीमुळे इंदूरला आलो, आणि ही माहिती काढताना मला जे फिरावं लागलं त्यावरून सांगतो की या शहराच्या आजूबाजूला पाणी आहे, मासाही आहे, पण गळ कुठं चालतो आणि कुठं चालत नाही हे नवीन माणसाला कोणी धड सांगत नाही. त्यासाठीच हे पत्र.

आधी बासचं बोलतो. व्हिडिओत दिसतो तो लार्जमाउथ बास उत्तर अमेरिकेतला मासा, आपल्या तलावांत तो नाही आणि नाही तेच बरं. जपानमध्ये 1925 साली आशी नावाच्या तलावात तो मुद्दाम आणून सोडला, मग तो इकडेतिकडे पसरला, तिथले मूळचे मासे खात सुटला, आणि शेवटी 2005 मध्ये लागू झालेल्या कायद्यानं त्याला जिवंत नेण्यावर आणि पाण्यात सोडण्यावर बंदी घालावी लागली. हे मुद्दाम लिहितोय, कारण पिल्लं मागवून एखाद्या तळ्यात सोडू असं बोलणारे मी कानानं ऐकलेत. बाबांनो, असलं काही करू नका. आमच्या रायगडच्या खाडीतल्या जिताडा माशालाही इंग्रजीत सी बास म्हणतात, पण त्याची वीण खाऱ्या पाण्याशी बांधलेली, त्यामुळे माळव्यात त्याची आशा सोडायची.

मग इथं काय? मरळ, आपल्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा! ज्याला बासचं वेड आहे त्यानं मरळीच्या मागं लागावं, कारण ती तशीच दबा धरून बसते, शेवाळात, कमळाच्या पानांखाली, पडलेल्या फांदीच्या आडोशाला, आणि तोच रबरी बेडूक पानांवरून हळूहळू ओढत आणला की खालून अशी काही उसळते की हातातला रॉड सांभाळावा लागतो. तिला वरची हवा घ्यायला अधूनमधून पृष्ठभागावर यावंच लागतं, म्हणून सकाळी वारा पडलेला असताना काठावर गप्प बसलं तर पाणी कुठं फुटतंय ते दिसतं, एक छोटा बुडबुडा आणि गोल तरंग, बस. तीच जागा लक्षात ठेवायची. कोणाला स्पॉट विचारत फिरण्यापेक्षा हे जास्त कामाचं आहे. खाडीवर आम्ही तिथी बघून निघायचो, पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमीला भांग म्हणजे कमी भरती, सगळा हिशोब भरती-ओहोटीवर. इथं ते पंचांग उपयोगाचं नाही, इथं बघायचं पाणी किती उतरलंय, वारा कुठल्या काठाला लागतोय, ऊन किती चढलंय, आणि तळ्यात ओढा कुठून येऊन मिळतो.

आणि एक गोष्ट जी मला फार जवळची आहे. पावसाळ्यात मरळीची पिल्लं लालसर-नारिंगी रंगाची, शेकड्यांनी एकत्र, पाण्याच्या वरच्या थरात एक गोळा करून फिरतात, लांबून वाटतं कोणीतरी शेंदूर सांडलाय, आणि त्या गोळ्याच्या बरोबर खाली त्यांचे आईबाप राखण करत असतात. तिथं बेडूक टाकला की मासा लगेच झडप घालतो, भुकेनं नाही, पिल्लांपायी. तो मासा उचलला की मागं राहिलेली पिल्लं दुसरे मासे आणि पक्षी खाऊन टाकतात. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते ती ह्याच विणीसाठी, आणि ही तारीख नवीन आलेल्या कितीतरी लोकांना माहीतच नसते, ते बिचारे पहिला पाऊस पडला की रॉड घेऊन निघतात.

आता जागांबद्दल. यशवंत सागर आणि सिरपूर, ही दोन्ही पाणथळं 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत गेली आणि 2025 च्या जानेवारीत इंदूरला उदयपूरबरोबर पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली, भारतातली ही पहिलीच दोन शहरं. यशवंत सागरला सारस पक्षी येतात. तिथं रॉड घेऊन जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, काठावर तुटून पडलेला नायलॉनचा धागा पक्ष्याच्या पायात अडकला की काय होतं ते एकदा डोळ्यांनी बघितलं की परत कोणाला सांगावं लागत नाही. महूजवळ जानापावच्या डोंगरावर चंबळ उगम पावते आणि उत्तरेकडे जाते, गंभीर नदी क्षिप्रेला मिळते, आणि चोरल मात्र दक्षिणेला नर्मदेकडे उतरते, म्हणजे एका तासाभराच्या अंतरात दोन वेगळ्या खोऱ्यांचं पाणी मिळतं. नर्मदेतला महसीर हा 2011 पासून मध्य प्रदेशचा राज्य मासा, त्याला वाहतं स्वच्छ पाणी आणि खडी-गोट्यांचा तळ लागतो, धरणांमुळे पाणी थांबलं तसा तो मागं हटला. चुकून गळाला लागला तर हात ओले करून अलगद सोडून द्या. आमच्या रायगडात महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे, तिथले मासे लोक देवाचे म्हणून राखतात, कोणी हात लावत नाही. महेश्वरच्या घाटावरही लोक माशांना खायला घालतात, तिथं गळ टाकणं बरं दिसत नाही, हे कोणी लिहून ठेवायची गरज नसावी पण आहे.

बाकीच्या तलावांचं मात्र अवघड आहे. कित्येक तळी ग्रामपंचायत नाहीतर जनपद पंचायत ठेक्यानं मच्छीमारांच्या सहकारी समितीला देते, त्यात मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं, त्यांनी सोडलेलं असतं, रोहू, कटला, मृगळ हे त्यांच्या कष्टाचे पैसे असतात. आपण शहरातून गाडी घेऊन जायचं आणि हौस म्हणून त्यांचा मासा उचलायचा हे चूकच, पण त्यांना विचारायचं म्हटलं तर तळं कोणाच्या ठेक्यात आहे हे कळणार कुठून? एका कार्यालयात मला या टेबलवरून त्या टेबलवर पाठवलं, शेवटी उत्तर मिळालं की तलावावर जाऊन विचारा, आणि तलावावर चौकीदार म्हणाला ऑफिसात विचारा. मला खरं उत्तर मिळालं ते मासळी बाजारात, मासा कुठल्या पाण्यातला आहे ते विचारलं तर विकणाऱ्या बाईनं तळ्याचं, गावाचं आणि समितीच्या माणसाचं सगळंच सांगितलं, आणि त्या माणसानं दिवसाचे थोडे पैसे घेऊन आनंदानं बसू दिलं. अमेरिकेत राज्य सरकारच्या वेबसाईटवर तलावाचं नाव टाकलं की कुठला मासा, किती न्यायचा, लायसन कितीला हे घरबसल्या दिसतं. आपल्याकडे निदान तलावाच्या काठावर एक पत्र्याचा बोर्ड तरी लावा की, ठेका कोणाकडे, गळाला परवानगी आहे का, पावती कोण देणार, बंदी कधी. समितीलाही चार पैसे जास्त मिळतील आणि रात्री चोरून जाळं टाकणाऱ्यांवर आमच्यासारख्यांची नजर राहील. बारूद आणि विष टाकून मासे मारायला 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे, ते कुठं दिसलं तर कळवायचं कोणाला, तो नंबरही त्याच बोर्डवर हवा.

नर्मदाकाठी तर बोर्ड जिवाशी आहे. 2005 च्या एप्रिलमध्ये धाराजीला अमावस्येच्या जत्रेत रात्री इंदिरा सागर धरणातून सोडलेलं पाणी चढलं आणि काठावर झोपलेली माणसं वाहून गेली. धरणाच्या खाली खडकावर गळ टाकून बसणाऱ्याला पाणी कधी सुटतं हे माहीत असायलाच पाहिजे.

पावसाळ्यात यशवंत सागर 19 फुटांपैकी किती भरला हे पेपरात येतं, मी आवडीनं वाचतो. त्याच जागेत जूनच्या सुरुवातीला बंदीच्या तारखा आणि 15 ऑगस्ट उलटल्यावर कुठल्या तळ्यावर कोणती समिती गळाची पावती देते एवढं छापलंत तर फार उपकार होतील. बडवाह, मंडलेश्वर, चोरलकडच्या वाचकांना आपल्या भागातल्या समित्या माहीत असतील तर त्यांनी पेपरकडे लिहून पाठवावं, इंदूर बाजूची जेवढी मला माहिती आहे तेवढी मी पाठवायला तयार आहे.

आपला,
एक वाचक, इंदूर