प्रदर्शन संपताना पोहोचलेल्या पेट्या: विमान कंपनीस तक्रार पत्र

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
विमान कंपनीचे भारतातील मुख्य कार्यालय, मुंबई

विषय: मुंबई ते लॉस एंजेलिस प्रवासात हार्मोनियम उशिरा व मोडलेल्या अवस्थेत मिळाल्याबद्दल, आणि सामानाचे मूल्य जाहीर करू न दिल्याबद्दल

महोदय,

जानेवारी २०२६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइम शहरात भरलेल्या नॅम शो या वाद्यांच्या प्रदर्शनासाठी मी आणि माझा थोरला भाऊ आपल्या विमानाने मुंबईहून लॉस एंजेलिसला गेलो. बरोबर आमच्या कारखान्यात बनलेल्या तीन हार्मोनियम होत्या. त्या प्रदर्शनाच्या अखेरच्या दुपारी, मोडलेल्या अवस्थेत आमच्या हाती पडल्या. आपल्या विभागाने ईमेलवर दिलगिरी व्यक्त केली, पुढच्या प्रवासात वापरायचे एक व्हाउचर देऊ केले आणि प्रकरण बंद केल्याचे कळवले. ते बंद झालेले मला मान्य नाही.

आमचा पेट्यांचा कारखाना बडोद्याला दांडिया बाजारात आहे. आजोबांनी घातलेला, बाबांनी वाढवलेला, आता दादा आणि मी चालवतो. रीड, म्हणजे सूर देणाऱ्या धातूच्या जिभा, पालिताण्याहून येतात, लाकूड सागवान, आणि सूर लावायचे काम आजही घरच्याच माणसांच्या हातून होते, कारण रीडच्या टोकाला कानस किती घासायची हे कान असल्याशिवाय कळत नाही. हाच आमचा चरितार्थ आहे. अमेरिकेत कीर्तन आणि योग शिकवणाऱ्या मंडळींमध्ये हार्मोनियमला चांगली मागणी आहे, आणि त्यांना हवी असते हलकी, घडी होणारी, स्केलचेंजरची, म्हणजे सूर वर-खाली सरकवता येणारी पेटी. तशी पेटी आम्ही बराच काळ खपून बनवली. तिघींपैकी एक तीच होती. दुसरी खर्ज-नर-मादी अशी तीन रीडची बैठी पेटी, आणि तिसरी शिकणाऱ्यांसाठी साधी.

आपल्या उत्तरात सामान अखेरीस ग्राहकाला सुपूर्द करण्यात आले असे वाक्य आहे. हे वाक्य लिहिणाऱ्याला हे प्रदर्शन काय असते ते ठाऊक नसावे, म्हणून थोडे सांगते. नॅम ही अमेरिकेतल्या वाद्यव्यापाऱ्यांची संघटना १९०१ सालची आहे. तिच्या प्रदर्शनात वाद्ये बनवणारे, दुकानदार, घाऊक खरेदीदार असे धंद्यातलेच लोक येतात. फ्रँकफर्टचा मुसिकमेसे हा वाद्यमेळा बंद पडल्यापासून आमच्यासारख्या छोट्या कारखानदाराला परदेशी खरेदीदार एका छताखाली भेटावेत अशा मोठ्या जागा दोनच राहिल्या, अॅनाहाइम आणि शांघाय. अॅनाहाइमची दालने तीन दिवस उघडी असतात. खरेदीदारांच्या भेटी आधीच ईमेलवर ठरलेल्या असतात, वीस मिनिटे याला, वीस मिनिटे त्याला. त्या वेळेत त्याने भाता हलवून, पट्ट्या दाबून, आवाज कानाने ऐकायचा असतो. वाद्य ऐकल्याशिवाय कोणी विकत घेत नाही. चौथ्या दिवशी त्या दालनात मंडप सोडवणारे कामगार असतात. कपड्यांची बॅग चार दिवसांनी मिळाली तर माणूस दुकानातून दोन सदरे घेऊन वेळ निभावतो. आमच्या बाबतीत उशीर हेच नुकसान आहे, मोडतोड त्याच्यावर आणखी.

आणि हे आम्ही निघण्याआधीच ओळखले होते, म्हणून या पत्रातला माझा मुख्य आक्षेप लॉस एंजेलिसचा नाही, मुंबईच्या सहार विमानतळावरच्या काउंटरचा आहे.

बडोद्याहून रात्रीच्या गाडीने बोरिवली आणि तिथून टॅक्सीने सहार, असे आम्ही वेळेच्या कितीतरी आधी पोहोचलो. तिन्ही पेट्या अॅल्युमिनियमच्या कडांच्या फ्लाइट केसमध्ये होत्या, आत पेटीच्या मापाने कापलेला फोम, भाता पट्ट्याने आवळलेला, पट्ट्यांवर जाड कापड. काउंटरवर मी सांगितले की ही वाद्ये प्रदर्शनाची आहेत, मला त्यांचे मूल्य जाहीर करायचे आहे, त्याचे जे जादा शुल्क असेल ते घ्या आणि लेखी पावती द्या. हा हक्क मी शोधून काढलेला नाही. विमान कंपन्यांच्या जबाबदारीविषयीच्या १९९९ च्या माँट्रियल कराराच्या २२ व्या कलमात तो लिहिलेला आहे: सामान सुपूर्द करताना प्रवाशाने विशेष मूल्य जाहीर केले आणि लागेल ते शुल्क भरले, तर भरपाईची नेहमीची मर्यादा त्या सामानाला लागू राहत नाही, जाहीर केलेल्या रकमेपर्यंत विमान कंपनी जबाबदार असते. भारत २००९ पासून या करारात आहे आणि आपल्या कॅरेज बाय एअर अॅक्टच्या तिसऱ्या परिशिष्टात तो छापलेला आहे.

काउंटरवरच्या मुलीने असा फॉर्म नसतो असे सांगितले. मी तिच्या वरिष्ठांना बोलवायची विनंती केली. ते आले, त्यांनीही अशी सोय मुंबईत नाही असे सांगितले, आणि वर प्रत्येक केसला एक टॅग लावून त्यावर माझी सही घेतली. सही केली नाहीत तर सामान घेणार नाही, असे ते म्हणाले. मागे रांग होती, विमानाची वेळ होत आली होती, दादाच्या हातात व्हिसाचे पासपोर्ट होते. मी सही केली. त्या टॅगवर नाजूक वस्तूच्या नुकसानीस कंपनी जबाबदार नाही अशा अर्थाचा मजकूर होता. जादा सामानाचे पैसे मात्र तिथेच कार्डावर घेतले गेले.

आता आपण त्याच टॅगचा आधार घेऊन भरपाई नाकारता. कराराचे २६ वे कलम सांगते की विमान कंपनीला जबाबदारीतून सोडवणारी किंवा मर्यादा आणखी खाली आणणारी अट निरर्थक ठरते. म्हणजे माझी सही त्या कागदावर असली तरी कायद्याच्या दृष्टीने तिने आपली सुटका होत नाही. सामानातल्या मूळच्या दोषामुळे नुकसान झाले तर कंपनी जबाबदार नसते, हे मला मान्य आहे. पण केसचे पत्रे चेपलेले आहेत आणि आतला फोम ओला होऊन आक्रसला आहे. हा पेटीतला दोष नाही.

लॉस एंजेलिसला सामानाच्या पट्ट्यावर आमच्या कपड्यांच्या बॅगा आल्या, पेट्या आल्या नाहीत. बॅगेज काउंटरवर आम्ही तिथल्या तिथे हरवल्याची नोंद करून पीआयआर, म्हणजे त्या नोंदीचा लेखी अहवाल, घेतला. पेट्या मधल्या विमानतळावर राहिल्याचे संगणकावर दिसत होते, आणि पुढचे दिवस तेच दिसत राहिले. फोनवर प्रत्येक वेळी नवा माणूस भेटे आणि उद्याच्या विमानाने येतील असे सांगे. दादा रोज सकाळी दालनात जाण्याआधी आणि संध्याकाळी परतल्यावर फोन लावत होता.

आमचा स्टॉल दहा बाय दहा फुटांचा. त्यावर लावायचा फलक आम्ही हातातल्या सामानात गुंडाळून नेला होता, तो तेवढा वेळेवर होता. त्यावर बडोद्याची हकीगत होती: सयाजीरावांच्या काळात १८८६ साली मौलाबक्षांनी सुरू केलेली गायनशाळा, आणि मौलाबक्षांचे नातू इनायत खान, जे बडोद्यातच जन्मले आणि १९१० मध्ये आपले संगीत घेऊन अमेरिकेला गेले. येणारे लोक थांबून तो फलक वाचायचे, चांगले प्रश्न विचारायचे आणि मग टेबलाकडे पाहायचे. टेबलावर माहितीपत्रके होती. दादाने मोबाइलवर पेटीचे रेकॉर्डिंग ऐकवायचा प्रयत्न केला, पण त्या दालनात आजूबाजूला ड्रम आणि गिटार चालू असतात, मोबाइलचा आवाज कुठे पुरणार? टेक्ससमधले एक वितरक आमच्या घडीच्या पेटीसाठी मुद्दाम वेळ ठरवून आले होते. सौजन्याने बसले, कागद पाहिले, आणि वाद्य येईल तेव्हा कळवा म्हणून दुसऱ्या स्टॉलकडे गेले. तो सौदा आमच्या वर्षभराच्या कामाचा झाला असता.

शनिवारी दुपारी, दालने बंद व्हायच्या सुमारास, एक कुरिअरवाला तिन्ही केस स्टॉलवर आणून ठेवून गेला. घडीच्या पेटीची बिजागरी मुळासकट उखडली होती. तीन रीडच्या पेटीचा भाता मागच्या कोपऱ्यातून सुटला होता आणि घडीच्या आतल्या बाजूने पाण्याचा पांढरट ओघळ वाळला होता. ती केस पावसात किंवा धुण्याच्या पाण्यात उभी होती हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. दादाने एका हाताने भात्याचा कोपरा दाबून धरून सूर काढून पाहिला. मध्य सप्तकातला सा दाबला की शेजारचा कोमल रे सोबत वाजायचा, आणि पट्टी सोडली तरी वाजतच राहायचा, कारण ओलीने रीडबोर्ड फुगून पट्टीखालची झडप बसत नव्हती. साध्या पेटीच्या दोन रीडच्या जिभा तुटून आत पडल्या होत्या. हे सर्व आम्ही स्टॉलवरच फोटो आणि व्हिडिओत घेतले. मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिराची एकवीस दिवसांत करायची असते. आम्ही दोन्ही त्याच रात्री पाठवल्या आणि आपली पोचही आली आहे.

एक गोष्ट आपल्या उत्तरात अजिबात आलेली नाही. या पेट्या फिक्की या उद्योग-व्यापार महासंघाने दिलेल्या एटीए कार्नेट या कस्टमच्या परवान्यावर होत्या, म्हणजे विक्रीसाठी नाही तर नमुना म्हणून नेऊन परत आणायच्या. कार्नेटवर जाताना, तिकडे उतरताना आणि परतताना कस्टमचे शिक्के लागतात. सामान आमच्या बरोबर उतरले असते तर लॉस एंजेलिसला मी स्वतः शिक्का घेतला असता. आपण ते आमच्याशिवाय कस्टममधून काढून कुरिअरने पाठवले, त्यामुळे तो शिक्काच नाही. परतताना तिकडे आणि इकडे दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना हे समजावताना जो त्रास झाला, त्याची कागदपत्रे सोबत जोडली आहेत. पुढे या कार्नेटवर कस्टम शुल्काची मागणी निघाली, तर ती आपल्याकडे पाठवली जाईल.

आपल्या उत्तरात भरपाईची कमाल मर्यादा १२८८ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) अशी दिली आहे. ती जुनी आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून सामानासाठी ती १५१९ एसडीआर झाली, आणि आमचा प्रवास त्यानंतरचा आहे. शिवाय ही मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे असते. केसचे टॅग आमच्या दोघांच्या तिकिटांवर आहेत, म्हणून हिशेब दोघांचा झाला पाहिजे. अमेरिकेच्या परिवहन खात्याचा २०२४ चा नियमही आपल्याला लागू आहे: बारा तासांहून लांब आंतरराष्ट्रीय उड्डाणानंतर तीस तासांत बॅग मिळाली नाही, तर बॅगेचे घेतलेले शुल्क परत करायचे असते.

माझी मागणी अशी आहे. जादा सामानाचे शुल्क ताबडतोब परत करावे. दोघांचीही भरपाई १५१९ एसडीआरच्या हिशेबाने, मोडतोड आणि उशीर दोन्ही धरून द्यावी, आणि तेवढ्यावर आमचा दावा संपला असे कुठल्याही कागदावर लिहून घेऊ नये. कारण या मर्यादेवर बोट ठेवण्याचा अधिकार आपण सहारच्या काउंटरवर गमावलात असे माझे म्हणणे आहे. मर्यादा वाढवून घ्यायचा जो एकमेव मार्ग कायद्याने प्रवाशाला दिला, तोच आपल्या माणसांनी बंद केला. स्टॉलचे भाडे, दोघांची तिकिटे, हॉटेल आणि तिन्ही पेट्यांची किंमत यांचा पूर्ण तक्ता पावत्यांसह जोडला आहे, आणि भरपाई त्याच्यावर ठरावी. तिन्ही केस मधल्या विमानतळावर कुठे, किती वेळ आणि कशा ठेवल्या होत्या, याची स्कॅनची नोंद मला लेखी मिळावी. आणि मूल्य जाहीर करण्याचा फॉर्म मुंबईच्या प्रत्येक काउंटरवर ठेवल्याचे आपण कळवावे. मिरजेचे तंबोरे घेऊन, तबले घेऊन, सतार घेऊन किती कारागीर आणि कलाकार आपल्या विमानांतून जातात. त्यांना तो फॉर्म मागताच मिळाला पाहिजे.

तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आम्ही वडोदरा जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करू. तक्रारदार जिथे राहतो तिथे तो करता येतो.

मोडलेल्या पेट्या आम्ही दुरुस्तीला घेतलेल्या नाहीत, केसवरचे टॅगही काढलेले नाहीत. आपल्या सर्वेक्षकाला पाहायच्या असतील तर दोन दिवस आधी कळवून दांडिया बाजारातल्या कारखान्यात पाठवावे. रविवार सोडून सकाळी दहा ते संध्याकाळी सहा दादा किंवा मी तिथे असतो.

आपली,
हार्मोनियम कारखान्याची भागीदार
दांडिया बाजार, बडोदे

सोबत: दोघांची तिकिटे व बोर्डिंग पास, बॅगेज टॅग, पीआयआर, जादा सामानाची पावती, फोटो व व्हिडिओ, कार्नेटची प्रत, खर्चाचा तक्ता