तिसरी ओळ वाचता आली, काका

आदरणीय काका,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं नाव कुठेही लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र सगळ्यांसमोर ठेवते आहे. कपाटात, देवघरातल्या डबीत, आजीच्या बटव्यात शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेली तांब्याची नाणी, जपून ठेवलेली किती घरं आहेत आपल्याकडे! त्यांचे फोटो काढायला बसणाऱ्या प्रत्येकाला जी अडचण येते, तिच्यातून तुम्ही मला बाहेर काढलंत. ते माझ्यापुरतं ठेवणं मला पटेना.

बाबांची वही तुम्ही पाहिली आहे. प्रत्येक शिवराईचं वजन, व्यास, कुठून मिळाली, कोणती अक्षरं दिसतात, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात. फोटो तेवढे नव्हते. बाबांच्या मागे ती वही पुरी करायची एवढंच माझ्या मनात होतं. कॅमेरा चांगला होता, पण फोटोत येत होती ती एक तपकिरी चकती आणि मधोमध पांढरा झगझगीत डाग.

तुम्ही उभं आयुष्य सराफांसाठी दागिन्यांचे फोटो काढण्यात घालवलंत. कॅमेऱ्याला हात लावण्याआधी तुम्ही मला नाण्याच्या जागी डोळे नेऊन वर बघायला लावलंत. छत, ट्यूबलाइट, माझा पिवळा कुर्ता. "हे सगळं त्या तांब्यात दिसतंय. धातूचा फोटो काढायचा म्हणजे धातूला काय दिसावं ते आधी ठरवायचं," असं म्हणालात. मग ट्यूबलाइट बंद, खिडकीला जाड पडदा, आणि एकच दिवा. खिडकीचा उजेड निळसर, दिव्याचा पिवळसर, आणि दोन्ही एकत्र आले की तांब्याचा खरा रंग कॅमेऱ्याला कधीच कळत नाही, हे मी तेव्हा समोर घडताना पाहिलं. राखाडी कार्ड ठेवून व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचा रंगांचा हिशोब, एकदा पक्का केला आणि शिवराईचा तो चॉकलेटी, कुठे हिरवट झाक असलेला रंग पहिल्यांदा जसाच्या तसा कॅमेऱ्याच्या पडद्यावर आला. त्या क्षणी मला बाबांची फार आठवण झाली.

आता उजेडाबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळं त्यातच आहे. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळी असतात: श्री, राजा, शिव. दुसऱ्या बाजूला दोन: छत्र, पति. भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. १६७४ च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेलं हे नाणं पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही लोकांच्या हातांत फिरत राहिलं. ठसा हातोड्याने मारलेला, चकती बहुतेकदा ठशापेक्षा लहान, त्यामुळे ठिपके अर्धे कापलेले आणि एखादी ओळ काठाबाहेर गेलेली. त्यात पिढ्यान्‌पिढ्यांची झीज. आणि ठसे किती हातांनी कोरले गेले असतील! शिव, शीव, सिव, सीव, सगळी रूपं सापडतात. संभाजी महाराजांच्या नाण्यावर त्याच जागी शंभू येतं. म्हणजे तिसऱ्या ओळीतल्या एका झिजलेल्या रेघेवर नाणं कोणाचं हे ठरू शकतं. असा फोटो नुसता सुंदर येऊन काय उपयोग? तो वाचता आला पाहिजे. तुम्ही हे पहिल्याच दिवशी ओळखलंत, खरं तर नाणी तुमचा विषय नव्हता.

दिवा डोक्यावर होता तेव्हा सगळं सपाट दिसत होतं. तुम्ही तो इतका खाली आणलात की उजेड नाण्यावरून जवळजवळ घासत जाऊ लागला, आणि झिजलेल्या उठावालाही सावली आली. मग सांगितलंत, की नाणं हलवायचं नाही, दिवा फिरवायचा. उजेड ज्या दिशेने येतो त्याच दिशेने जाणारी रेघ सावली पाडत नाही, ती हरवते. डावीकडून उजेड आला की उभ्या रेघा उठतात, नाण्याच्या वरच्या काठाकडून आला की शिरोरेषा. नाणं जागचं हललेलं नसलं की हे सगळे फोटो संगणकावर एकमेकांवर ठेवून ताडता येतात. नाण्याच्या खालच्या काठाकडे मात्र दिवा कधी ठेवायचा नाही, कारण आपल्या डोळ्यांना उजेड वरून येण्याची सवय. खालून उजेड पडला की वर आलेली अक्षरं खोदल्यासारखी दिसू लागतात. तुम्ही दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवलेत आणि मला खरोखर वाटलं की ही दोन वेगळी नाणी आहेत.

बाबांच्या वहीत एका शिवराईपुढे "शिव? शंभू?" असं लिहिलेलं होतं. ते कितीदा भिंग घेऊन त्या नाण्यापाशी बसायचे ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. डावीकडच्या उजेडात तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला, श च्या आधी, एक उभी रेघ स्वच्छ उमटली. पहिली वेलांटी. शंभूमध्ये त्या जागी रेघ असायचं कारणच नाही. काका, ते प्रश्नचिन्ह मी खोडलेलं नाही, शेजारी फोटो चिकटवला आहे. या एका फोटोसाठी मी तुमचे कसे आभार मानू ते मला खरंच सुचत नाही.

कॅमेऱ्याकडचं काम त्यामानाने लवकर बसलं. कॅमेरा उभ्या स्टँडवर, तोंड खाली. लेन्स नाण्याला अगदी समांतर आहे की नाही हे बघायची तुमची रीत मी आता सगळ्यांना सांगत असते: नाण्याच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवायचा आणि कॅमेऱ्यातून बघायचं, लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर आलं की झालं. पातळी बघायचं यंत्र नको की काही नको. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या साध्या लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी) लावली तर लेन्स नाण्याच्या इतकी जवळ येते की तिचीच सावली पडते आणि दिवा शिरायला जागा उरत नाही. म्हणून तुम्ही तुमची १०० मिलीमीटरची मॅक्रो लेन्स, म्हणजे लहान वस्तू मोठी टिपणारी, काढून माझ्या हातात दिलीत. एवढी महाग, इतकी वर्षं जपलेली वस्तू, आणि "घेऊन जा साताऱ्याला, घाई नाही" म्हणालात. लेन्सचं छिद्र एफ/८ (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), उजेडाची संवेदनशीलता आयएसओ १००, एक्स्पोजर हाताने लावलेलं, दोन सेकंदांचा टायमर. एफ/१६ च्या पुढे गेलं की सगळं फोकसमध्ये येईलसं वाटतं, पण विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, अक्षरांच्या कडा मऊ पडतात, हेही करून दाखवलंत. नाण्याखाली बाटलीचं लहानसं बूच, म्हणजे पार्श्वभूमी दूर जाते आणि नाण्याची सावली तिच्यावर पडत नाही.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचेत, आणि ते मला सगळ्यांत जास्त मोलाचं वाटतं. दागिना चकचकीत करूनच कॅमेऱ्यासमोर ठेवायचा ही तुमच्या धंद्याची रीत. तरी "हे नाणं चिंचेने घासून घेऊ का?" असं शेजारच्या ताईंनी विचारलं तेव्हा माझ्याआधी तुम्हीच नाही म्हणालात. चिंच, लिंबू, राख लावली की तांबं लख्ख होतं, पण शेकडो वर्षांत जमलेला थर जातो, त्याच्याबरोबर बारीक रेघाही जातात, आणि त्या परत येत नाहीत. जे दिसत नाही ते उजेडाने काढायचं, घासून नाही. आमच्याकडे आता नाणं फक्त काठाला धरून उचललं जातं, मुलंही एकमेकांना तसंच सांगतात.

काठाचा फोटो हा सुद्धा तुमचाच हट्ट. आज बाजारात ओतीव बनावट शिवराया भरपूर आहेत. साच्यात ओतलेल्या नाण्यावर बारीक हवेची छिद्रं दिसतात, कधी काठावर साच्याच्या दोन भागांची जोडरेघ सापडते. समोरच्या फोटोत हे सहज लपतं. पुढची बाजू, मागची बाजू, काठ, शेजारी मिलीमीटरची पट्टी आणि खाली वजन, एवढं असलं की दूर बसलेल्या अभ्यासकालाही नाणं हातात घेतल्यासारखं बोलता येतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे देशाबाहेर नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. फोटोला ती आडकाठी नाही. एकाच ठशाने पाडलेली दोन नाणी, एक साताऱ्यात आणि एक कुठल्या परदेशी संग्रहालयात, फोटोंवरूनच जुळवता येतात. पूर्वी नाण्यांच्या सूचींसाठी प्लास्टरचे ठसे घेऊन त्यांचे फोटो छापत, कारण पांढऱ्या प्लास्टरवर झगझग नसते आणि डागही नसतात. तेवढा खटाटोप करणाऱ्या त्या माणसांबद्दल मला आता फार आदर वाटतो.

आणि काकू! दर खेपेला मी आले की तुमची दुपारची झोप जाते हे त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी एकदाही तसं जाणवू दिलं नाही. वर पडद्याला लावायचं काळं कापड स्वतः शिवून दिलं. त्यांना माझा वेगळा नमस्कार सांगा.

तांब्याचं काम आता उरकत आलं आहे. राहिला तो बाबांचा अंकुशी रुपयांचा, म्हणजे अंकुशाची खूण असलेल्या जुन्या चांदीच्या नाण्यांचा, डबा. चांदीला आडवा उजेड एकटा पुरणार नाही, लेन्स आणि नाणं यांच्यामध्ये ४५ अंशांत काच धरून बाजूचा उजेड सरळ खाली उतरवावा लागेल, असं तुम्ही म्हणाला होतात. फोटोफ्रेमची पातळ काच कापून आणली आहे, कडा घासून घेतल्या आहेत. दिवाळी झाली की रविवार बघून पुण्याला येते. लेन्सही बरोबर आणते, आणि काकूंसाठी कंदी पेढे.

तुमची,
साताऱ्याची विद्यार्थिनी