मिलिंग मशीन निवडताना मार्ग दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

समोरासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच की, घरच्या छोट्या वर्कशॉपसाठी मिलिंग मशीन (फिरत्या हत्याराने धातू कापणारे यंत्र) शोधणाऱ्या आणखी कोणाला तुम्ही माझ्यासाठी खर्च केलेल्या तीन रविवारांचा उपयोग व्हावा.

वागळे इस्टेटमागच्या तुमच्या घरी मी पहिल्यांदा आलो तेव्हा माझ्या हातात चार मशीनच्या किमतींचा तक्ता होता. तुम्ही तो न पाहताच बाजूला ठेवलात आणि विचारलेत, "जॉब कोणता करायचा आहे?" जॉब म्हणजे मशीनवर घडवायचा भाग. मी दुर्बिणीच्या माउंटचे ड्रॉइंग दाखवले. त्यात २० मिमी जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेट आणि ६००५ क्रमांकाच्या बेअरिंगसाठी ४७ मिमी व्यासाच्या बैठका (बेअरिंग घट्ट बसवायची गोल भोके) होत्या. त्याच कागदाच्या पाठीवर तुम्ही पेन्सिलीने उंचीचा हिशेब मांडलात: व्हाइसची (जॉब पकडणाऱ्या शिकंजाची) उंची ८० मिमी, व्हाइसच्या वर राहणारा जॉब सुमारे ३० मिमी आणि ड्रिल चक व त्यातून बाहेर आलेले ड्रिल मिळून २०० मिमीपेक्षा जास्त. स्पिंडल (हत्यार फिरवणारा दांडा) आणि टेबल यांच्यामध्ये एवढी मोकळी जागा नसेल तर टेबल कितीही लांब असले तरी उपयोग नाही, हे मला तेव्हा उमगले आणि तक्त्यातले सर्वात लहान, सर्वात स्वस्त मशीन तिथेच गळाले. माझ्याकडच्या ड्रिल मशीनवरच एंड मिल (कडेनेही कापणारे मिलिंगचे हत्यार) लावून काम भागेल का, हा प्रश्नही तुम्ही शांतपणे ऐकून घेतलात. बाजूने येणारा दाब सोसण्यासाठी ते मशीन केलेले नसते आणि नुसत्या टेपरच्या (निमुळत्या खाचेच्या) पकडीवर बसलेला चक कट घेताना निसटू शकतो, हे तुम्ही समजावलेत.

दुसऱ्या रविवारी तुम्ही जे दाखवलेत, त्याबद्दल मी सर्वात जास्त ऋणी आहे. एका विक्रेत्याकडचे गोल कॉलमचे (ज्या खांबावर स्पिंडलचे हेड वरखाली होते, तो गोल असलेले) जुने मशीन मी जवळजवळ पक्के केले होते. ते दणकट दिसत होते, त्याची उंची भरपूर होती आणि भाव माझ्या आवाक्यात होता. तुम्ही स्पिंडलमध्ये डायल गेज (बारीकसा फरकही काट्याने दाखवणारे मापक) लावलात, व्हाइसच्या जबड्यावर काटा शून्यावर आणलात, हेड सैल करून १०० मिमी वर नेण्यास सांगितलेत आणि पुन्हा खाली आणून घट्ट करायला लावलेत. काटा शून्यावर आला नाही. गोल कॉलमवर हेड उचलले की ते किंचित फिरतेच. कॉलमच्या मध्यापासून स्पिंडल २०० मिमी दूर असेल तर अंशाचा दहावा भाग फिरण्यानेही जागा सुमारे ०.३५ मिमी सरकते, हे गणित तुम्ही तिथेच करून दाखवलेत. माझ्या कामात आधी ड्रिलने भोक पाडायचे आणि मग त्याच सेटिंगवर बोरिंग हेडने बैठक मापात आणायची. दोन्ही हत्यारांची लांबी वेगळी असल्यामुळे मध्ये हेड हलवावेच लागते, आणि बेअरिंगच्या बैठकीत ०.३५ मिमीची चूक म्हणजे प्लेट भंगारात. डोव्हटेल (तिरप्या कडांची सरळ खाच असलेल्या) कॉलमवर हेड त्याच सरळ मार्गावर वरखाली होते. हा फरक मी अनेकदा वाचला होता, पण काटा डोळ्यांसमोर हलल्याशिवाय तो माझ्या मनात उतरला नाही.

तिसऱ्या रविवारी रबाळ्याला डोव्हटेल कॉलमचे वापरलेले मशीन पाहायला तुम्ही गुडघा दुखत असतानाही आलात. टेबलाचे हॅण्डल तुम्ही मध्यावर आणि दोन्ही टोकांना फिरवून पाहिलेत, कारण स्क्रू आणि स्लाइड मध्यभागी जास्त झिजतात. मध्याला बेतून जिब (स्लाइडमधला सैलपणा काढणारी पट्टी) आवळली की टेबल टोकांना अडकते. मग प्ले (हॅण्डल उलटे फिरवताना जाणवणारा सैलपणा) मोजलात, स्पिंडलच्या टेपरमध्ये डायल गेजचे टोक टेकवून स्पिंडल हाताने फिरवलात आणि बेअरिंगच्या आवाजाकडे कान लावलात. टेपर आर-८ आहे हे पाहून तुम्हाला आनंद झाला, कारण मोर्स टेपरची पकड घट्ट बसते आणि हत्यार काढताना दर वेळी ड्रॉबारवर (हत्यार वर ओढून धरणाऱ्या लांब बोल्टवर) हातोडी मारावी लागते, तर आर-८चा उतार अधिक असल्यामुळे तो सहज सुटतो.

मोटर थ्री-फेज असल्यामुळे मी माघार घेत होतो. तुम्ही टर्मिनल बॉक्स उघडायला लावलात. आत सहा टोके होती आणि मोटर ४१५ व्होल्टसाठी स्टार पद्धतीने जोडलेली होती. टर्मिनलवरच्या पट्ट्या बदलून डेल्टा ही दुसरी जोडणी केली की तीच मोटर घरच्या सिंगल-फेजवर चालणाऱ्या व्हीएफडीच्या (थ्री-फेज वीज बनवून मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाच्या) २३० व्होल्ट थ्री-फेजवर चालते. त्याच वेळी तुम्ही बजावलेत की वेगासाठी पुलीवरचा पट्टा बदलण्याचा कंटाळा करून सारा वेग व्हीएफडीवर कमी करू नये, कारण मोटर फार हळू फिरली तर तिचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो आणि ती तापते. १० मिमीच्या एचएसएस (हाय-स्पीड स्टील) एंड मिलला एमएससाठी (माइल्ड स्टीलसाठी) सुमारे ८०० आरपीएम आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी २,८०० आरपीएम, हे तुमच्या अक्षरातले आकडे आता माझ्या भिंतीवर आहेत.

मशीन हेड, कॉलम आणि टेबल सुटे करून पाचपाखाडीच्या आमच्या तळमजल्यावर आले. ठाण्याच्या पावसाळ्यात टेबलावर एका रात्रीत गंज चढतो, हा तुमचा इशारा मी पाळतो; काम संपले की तेलाचा हात फिरवल्याशिवाय दिवा मालवत नाही.

गेल्या आठवड्यात पहिल्या दोन बैठका झाल्या. बेअरिंग अंगठ्याच्या दाबाने आत गेले आणि हलले नाही. ती प्लेट मी तशीच ठेवली आहे, कारण ती तुमच्या हातात द्यायची आहे. त्या तीन रविवारांत वापरलेला तुमचा डायल गेजही माझ्याकडेच राहिला आहे. येत्या रविवारी सकाळी दोन्ही घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
पाचपाखाडी, ठाणे