शेवटच्या बाकावर येऊन बसलेल्या बाईंना

आदरणीय बाई,

शाळेत मी तुम्हाला 'फी' म्हणत असे. थायलंडमध्ये वडील भावंडाला ज्या शब्दाने हाक मारतात तो हा शब्द. पण मराठीत लिहायला बसल्यावर तुमच्यासाठी 'बाई' याखेरीज दुसरा शब्द मनात येत नाही, कारण सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत ज्यांच्याकडे पाहून मला शिक्षक व्हावेसे वाटले त्याही बाईच होत्या. वयाची साठी पूर्ण केलेल्या इथल्या सर्व सरकारी शिक्षकांप्रमाणे तुम्ही 30 सप्टेंबरला निवृत्त झालात. निरोपाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा माझ्या तोंडून 'खोप खुन' एवढेच आभाराचे शब्द निघाले आणि पुढचे थाई मला आठवेना. जे राहून गेले ते लिहितो आहे. एक सहकारी हे पत्र तुम्हाला थाईमध्ये वाचून दाखवणार आहेत. मराठीत अशासाठी लिहिले की परदेशी इंग्रजी शिकवायला निघालेल्या आमच्याकडच्या मुलामुलींच्याही ते वाचनात यावे.

मे महिन्याच्या मध्यावर मी ईशान्य थायलंडमधल्या खोनकेन शहरात आलो तेव्हा माझ्याजवळ 120 तासांच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र होते आणि समोर मत्थयोमच्या दुसऱ्या वर्षाची, म्हणजे आमच्या आठवीची, 46 मुले होती. ('मत्थयोम' हा आपलाच 'मध्यम' आहे हे कळले तेव्हा वाटले होते की इथे सगळेच ओळखीचे निघेल.) दुसऱ्या आठवड्यापासून वर्ग हातातून गेला. मी फळ्याकडे वळलो की मागून बाके वाजायची. मी काही विचारले की माझेच वाक्य माझ्याच ढंगात, मान हलवून, कोणीतरी म्हणून दाखवायचे आणि सगळा वर्ग हसायचा. 'खॅक' हा शब्द रोज कानावर येई. त्याचा मूळ अर्थ पाहुणा. पण भारतीय चेहऱ्याच्या माणसाला तो कोणत्या सुरात म्हटला जातो हे समजायला शब्दकोश लागत नाही.

ज्या संस्थेने मला इथे पाठवले, आणि जी दरमहा माझ्या पगारातून आपला वाटा कापून घेत होती, तिला मी तीनदा कळवले. तिन्ही वेळा एकच उत्तर आले: हसतमुख राहा, मुलांना खेळ खेळवा, इथे मुलांना गंमत हवी असते. शाळेत ज्यांच्याकडे परदेशी शिक्षकांची जबाबदारी होती, त्यांनी एके दिवशी माझ्या टेबलावर एक पट्टी आणून ठेवली आणि काही न बोलता निघून गेले. थायलंडच्या शिक्षण मंत्रालयाच्या 2005 च्या नियमावलीत विद्यार्थ्यांसाठी चारच उपाय सांगितले आहेत: ताकीद, वर्तनाविषयी हमी, वर्तनगुणांमध्ये कपात आणि सुधारणेसाठी उपक्रम. मार त्यात नाही. आपल्याकडेही 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांवर हात उगारणे बंद केले आहे. ती पट्टी मी कपाटात टाकली. पण माझ्याजवळ दुसरे काहीच नव्हते, हेही खरे.

जूनमधल्या एका गुरुवारी 'वाय ख्रू', म्हणजे गुरूंना हात जोडून वंदन करण्याचा शाळेतला समारंभ, झाला. थाई भाषेतही या वाराचे नाव बृहस्पतीवरूनच आले आहे आणि 'ख्रू' म्हणजे गुरूच. तबकातली हरळी, म्हणजे आपल्या दूर्वा, वांग्याची फुले आणि भाताच्या लाह्या पाहून माझा जीव गलबलला होता. झरझर पसरणारी हरळी विद्येची, खाली झुकणारे वांग्याचे फूल नम्रतेचे आणि लाह्या शिस्तीची खूण, असे तुम्हीच मला समजावून सांगितले होते. मुलांनी जमिनीवर गुडघे टेकून मला वंदन केले. दुसऱ्याच दिवशी पहिल्या तासाला त्यांच्यापैकीच काहींनी माझ्या पाठीवर कागदाचे बोळे मारले. त्या दुपारी मी जिन्याखाली उभा राहून रडलो. तुम्ही तेथून गेलात, थांबला नाहीत. तुम्ही पाहिले नसावे, असे मला वाटले होते.

पुढच्या सोमवारी तुम्ही माझ्या तासाला आलात. गणिताची शिक्षिका, मुलांच्या वर्गशिक्षिका, इंग्रजीची दहा-वीस वाक्ये येत असलेल्या. तुम्ही मुलांना दटावाल, निदान पाठीशी उभ्या राहून डोळे वटाराल, अशी माझी अपेक्षा होती. तुम्ही सरळ शेवटच्या बाकावर, सर्वांत जास्त दंगा करणाऱ्या मुलाशेजारी जाऊन बसलात आणि वही उघडलीत. वर्गप्रमुखाने नेहमीप्रमाणे उभे राहण्याची हाक दिली, नेहमीप्रमाणे निम्मी मुले बसूनच राहिली, आणि तुम्ही उठलात. दोन्ही हात जोडून, बोटांची टोके नाकापर्यंत नेऊन, मान लववून तुम्ही मला वाय केलात.

मराठी वाचकांसाठी सांगायला हवे की इथे वाय नेहमी धाकट्याने आधी करायचा असतो, मोठ्याने त्याचा स्वीकार करायचा असतो. साठीला आलेल्या बाईंनी सत्तावीस वर्षांच्या परक्या मुलाला, स्वतःच्या विद्यार्थ्यांदेखत, आधी वाय करावा हे त्या वर्गाने कधी पाहिले नसणार. एकेक करून बाके सरकली. 46 मुले उभी राहिली. कोणी हसले नाही.

त्यानंतर पाठ सुरू झाला. शेवटचा 'ल' थाई जिभेवर 'न' होतो, म्हणून 'स्कूल'चे 'सकून' होते, तुमचेही झाले. मुले फिसकन हसली. तुम्ही उभ्या राहून पुन्हा म्हणालात, पुन्हा चुकलात, आणि चौथ्यांदा शब्द बरोबर आल्यावर शांतपणे वहीत लिहून घेतलात. तेव्हा माझ्या लक्षात आले की बाके का वाजत होती. या मुलांची घरची बोली इसानची, म्हणजे या ईशान्य भागाची, शाळेची भाषा बँकॉकची थाई, आणि त्यावर तिसरी इंग्रजी. चारचौघांत तोंड उघडून चुकण्यापेक्षा वात्रट ठरलेले बरे, असा हिशेब त्यांनी मांडलेला होता. मी स्वतः मराठी शाळेतून आलो, इंग्रजीच्या तासाला बाकाखाली डोके घालून बसलो, आणि तरीही मला हे दिसले नाही.

तास संपताना तुमच्या शेजारचा तो मुलगा हळूच 'स्कूल' म्हणाला. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांची घरातली नावे लिहिलेला कागद मला दिलात. बँक, गोल्फ, आइस: इंग्रजीला घाबरणाऱ्या कितीतरी मुलांना घरी इंग्रजी शब्दानेच हाक मारतात! वर्ग एका दिवसात सुधारला नाही. ऑगस्टमध्येही दोनदा मला तास अर्धा सोडून सर्वांना नुसते गप्प बसवावे लागले. पण नावाने हाक मारली की मूल वळून पाहते, आणि वळून पाहिलेल्या मुलाला काही सांगता येते.

मला मदत करणे ज्यांचे काम होते ती माणसे पगार कापत होती, पट्टी ठेवून जात होती. तुमच्यावर माझी कसलीच जबाबदारी नव्हती. कोणाचा अपमान होतो आहे हे दिसल्यावर त्याची वाच्यता न करता, अपमान करणाऱ्यांनाही खाली न पाडता, स्वतः थोडे लहान होऊन मध्ये उभे राहणारी माणसे मी माझ्या आयुष्यात फार थोडी पाहिली आहेत. गावाकडच्या त्या बाई त्यांतल्या एक होत्या.

1 नोव्हेंबरला दुसरे सत्र सुरू होईल. मुलांनी तुमच्याविषयी इंग्रजीत आठ ओळी लिहिल्या आहेत आणि त्या तुमच्यासमोर वाचायचा त्यांचा हट्ट आहे, तेव्हा पहिल्या आठवड्यात एक दिवस वर्गावर यावे, ही विनंती. वर्गप्रमुख हाक देईल, सगळे उभे राहतील. त्या वेळी तुम्ही मात्र बसून राहा, आणि या वेळी आधी वाय मला करू द्या.

तुमचा नम्र,
मत्थयोम दोनचा इंग्रजीचा शिक्षक