बायबलकथा आणि संगीत रंगभूमी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

बायबलमधील कथा रंगमंचावर आणल्याने तिचे पावित्र्य भंगते, हा आक्षेप जुनाच आहे. त्यापायीच फ्रेंच संगीतकार सां-साँस यांचा ‘सॅमसन आणि दलीला’ हा ऑपेरा, म्हणजे गायनातून उलगडणारे नाटक, १८७७ मध्ये जर्मनीतील वायमारला रंगला, तरी लंडनच्या रंगमंचावर यायला १९०९ उजाडले. मूळ कथेत दलीला सॅमसनच्या बळाचे रहस्य पुनःपुन्हा विचारते आणि तीनदा फसते. ऑपेरात मात्र हे सारे एका रात्रीच्या भेटीत, तिच्या आर्जवी गायनात सामावले आहे, आणि ज्या केसांत सॅमसनचे बळ होते, ते कापण्याचा प्रसंग तर प्रेक्षकांना दिसतही नाही. गाण्याचे हे सामर्थ्य अण्णासाहेब किर्लोस्करांच्या बेळगाव जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्येच ख्रिस्तकथा मराठी ओवीत आणली; आता सीमाभागातील नाट्यसंस्थांनी अशी एखादी कथा संगीत नाटकात बांधावी, ही कळकळीची विनंती.

एक नाट्यप्रेमी वाचक,
टिळकवाडी, बेळगाव